टर्म सोडणे, विषय बदलणे, प्रवेश रद्द करणे: नाशिकच्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या नाशिक शहर-जिल्ह्यातल्या कॉलेजांत शिकणारी मुलंमुली आणि त्यांचे पालक यांच्यासाठी हे पान आहे. कॉलेज कॉलेज रोडचं असो, गंगापूर रोडचं, पंचवटीतलं किंवा पिंपळगावचं, स्टुडंट सेक्शनच्या खिडकीवर येणारे प्रश्न बहुतेक तेच असतात. स्वायत्त कॉलेजं आपल्या परीक्षा आणि तारखा स्वतः ठरवतात, त्यामुळे तिथल्या मुलांनी कॉलेजची नोटीस आधी वाचावी. मुक्त विद्यापीठ आणि आरोग्य विद्यापीठ यांचं खाली वेगळं लिहिलं आहे.

मी दोन महिन्यांपासून कॉलेजला जात नाही. माझं नाव आपोआप कमी झालं असेल ना?

नाही. सगळ्यात जास्त नुकसान याच समजुतीमुळे होतं. तुम्ही यायचं थांबलात तरी रजिस्टरवर तुमचं नाव असतं, हजेरीत गैरहजेरी लागत राहते, फीचा हप्ता थकबाकीत जातो आणि निकालात त्या सेमिस्टरसमोर नापास किंवा गैरहजर असा शेरा येतो. दोन वर्षांनी तुम्ही टीसी मागायला आलात की आधी नो ड्यूज मागितलं जातं, आणि तिथे न बसलेल्या टर्मची फी उभी असते. तेव्हा क्लार्कशी भांडून उपयोग नसतो, कारण त्याच्यासमोर तुमचा एकही कागद नसतो.

म्हणून टर्म सोडायची तर लेखी सोडा. अर्ज दोन प्रतींत द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि कॉलेजचा शिक्का घेऊन ती प्रत घरी जपून ठेवा. वर्गशिक्षकांना किंवा जीएफएमना (तुमच्या गटाची जबाबदारी असलेल्या शिक्षकांना) व्हॉट्सअॅपवर कळवलं तर त्यांना माहिती होते, कॉलेजच्या दप्तरात नोंद होत नाही.

टर्म सोडणं, इयर ड्रॉप घेणं आणि प्रवेश रद्द करणं, हे सगळं एकच ना?

बोलताना आपण सगळ्याला ‘ड्रॉप’ म्हणतो. कागदावर मात्र यांचे परिणाम फार वेगळे आहेत.

प्रवेश रद्द केला की तुमचं त्या कॉलेजशी नातं संपतं, टीसी मिळतो आणि परत यायचं तर पुन्हा प्रवेश घ्यावा लागतो. टर्म सोडणं किंवा खंडित करणं म्हणजे चालू सेमिस्टर मध्येच थांबवून पुढच्या वर्षी तेच पुन्हा करणं, प्रवेश रद्द न करता. इयर ड्रॉपमध्ये तुम्ही त्याच अभ्यासक्रमाचे विद्यार्थी राहता, पीआरएन नंबर (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) तोच राहतो, फक्त पुढच्या वर्षात प्रवेश न घेता थांबता. आणि परीक्षेचा फॉर्म न भरणं किंवा पेपरला न बसणं हा आणखी वेगळाच प्रकार. त्यात बहुतेक वेळा फक्त बॅकलॉग लागतो, म्हणजे पेपर मागे राहतो.

कोणता रस्ता घ्यायचा हे ठरवण्याआधी एक गोष्ट विचारून घ्या: माझी टर्म ग्रँट झाली आहे का? हजेरी पुरेशी असेल, इंटरनल आणि टर्मवर्क पूर्ण असेल तर कॉलेज टर्म ग्रँट करतं. टर्म ग्रँट झालेल्या मुलाने पेपर दिला नाही तर पुढच्या वेळी फक्त पेपर द्यायचा असतो. टर्म ग्रँट झाली नाही तर ती अख्खी टर्म पुन्हा बसून करावी लागते आणि फीही पुन्हा भरावी लागते.

ऐन परीक्षेच्या तोंडावर आजारी पडलो. डॉक्टर म्हणतात महिनाभर विश्रांती. टर्म सोडून देऊ का?

शक्यतो सोडू नका.

नाशिकमध्ये पावसाळा सरता सरता डेंगीची साथ येते आणि दिवाळीच्या आसपास पहिल्या सेमिस्टरच्या परीक्षा लागतात. दरवर्षी त्या दिवसांत कोणाचे तरी वडील काळजीने खिडकीशी येतात आणि म्हणतात, पोराचं नाव काढून टाका, जीव वाचला तेच खूप. अशा वेळी आधी हजेरी बघायची असते. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत मुलगा नियमित आला असेल, सबमिशन झालं असेल, तर तो आजारी पडण्याआधीच टर्मचं मुख्य काम संपलेलं असतं. नाव काढलं तर ती सगळी मेहनत वाया जाते. नाव ठेवलं तर जास्तीत जास्त चार-पाच पेपर बॅकलॉगला जातात आणि ते पुढच्या परीक्षेत निघतात.

हजेरी ७५ टक्क्यांच्या थोडी खाली गेली असेल तर वैद्यकीय कारणावर प्राचार्य सवलतीचा विचार करू शकतात. त्यासाठी कागद नीट लागतात. डिस्चार्ज कार्ड, तपासणीचे रिपोर्ट, डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि बरं झाल्याचं फिटनेस सर्टिफिकेट, हे चारही द्या. तारखा स्वतः तपासा. डिस्चार्ज कार्ड ४ ते ९ ऑक्टोबरचं, फिटनेस ३० ऑक्टोबरचं आणि मधल्या तीन आठवड्यांच्या विश्रांतीचा कुठेच उल्लेख नाही, असे कागद नेहमी येतात. त्या मधल्या दिवसांचा सल्ला डॉक्टरांकडून लिहून घेतला तर अर्ज टिकतो. आणि हे सगळं निकालानंतर आणू नका, आजारपणातच घरच्या कोणाच्या तरी हाती पाठवा.

प्रॅक्टिकल किंवा ओरल चुकणार असेल तर विभागप्रमुखांना त्याच दिवशी लेखी कळवा. प्रॅक्टिकलची फेरसंधी त्यांच्याच हातात असते.

टर्म खरोखर सोडावी लागते ती वेगळ्या परिस्थितीत: आजार सुरुवातीलाच आला, उपचार लांबणार आहेत, हजेरी जमण्याची शक्यता नाही. तेव्हा मात्र रेंगाळू नका. जितक्या लवकर अर्ज, तितकं फीचं नुकसान कमी.

मला एकच विषय झेपत नाही. बाकीचे ठेवून तो सोडता येईल का?

मुख्य विषय किंवा सक्तीचा पेपर असा सोडता येत नाही. परदेशी विद्यापीठांत अमुक तारखेपर्यंत विषय काढून टाकता येतो असं ऐकून मुलं येतात, पण आपल्याकडे सेमिस्टरचा संच ठरलेला असतो. त्या पेपरला बसला नाहीत तर तो बॅकलॉग म्हणून राहतो आणि पदवीआधी काढावाच लागतो.

एटीकेटीच्या, म्हणजे काही पेपर राहूनही पुढच्या वर्षात जाऊ देणाऱ्या, नियमात राहून एखादा पेपर मुद्दाम मागे ठेवणारी मुलं आहेत. एखाद्या पेपरपुरतं ते चालून जातं. पण तिसऱ्या वर्षाला जायला पहिलं वर्ष पूर्ण क्लिअर लागतं हे विसरू नका. इंजिनिअरिंगला तर एम-वनचा (पहिल्या वर्षाच्या गणिताचा) एक पेपर मागे ठेवून सेकंड इयर संपेपर्यंत तो न निघाल्यामुळे इयर डाऊन झालेली, म्हणजे वर्ष गेलेली, हुशार मुलं दरवर्षी दिसतात.

ओपन इलेक्टिव्ह (आपल्या शाखेबाहेरचा निवडीचा विषय) चुकीचं निवडलं. बदलता येईल?

हो, टर्मच्या सुरुवातीच्या दिवसांत. कॉलेज तारीख नोटीस बोर्डावर लावतं. दुसऱ्या विषयाच्या बॅचमध्ये जागा हवी आणि वेळापत्रक आड यायला नको. परीक्षेचा फॉर्म भरताना नवा विषय नीट दिसतोय का ते स्वतः बघा. फॉर्म कॉलेजने इनवर्ड केल्यानंतर, म्हणजे स्वीकारल्यानंतर, विषयाचा कोड बदलणं फार कटकटीचं होतं.

प्रवेश रद्द केला तर फी किती परत मिळते?

विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, ऑक्टोबर २०१८ मध्ये याचे टप्पे ठरवून दिले आहेत. सगळं मोजमाप प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेपासून होतं. त्या तारखेच्या १५ किंवा अधिक दिवस आधी अर्ज दिला तर पूर्ण फी परत. त्यातून प्रक्रिया खर्च म्हणून ५ टक्के, तोही जास्तीत जास्त ५००० रुपये, कापता येतो. शेवटच्या तारखेला १५ पेक्षा कमी दिवस उरले असतील तर ९० टक्के. तारीख उलटून १५ दिवसांच्या आत ८० टक्के. १५ नंतर पण ३० दिवसांच्या आत ५० टक्के. ३० दिवस उलटले की फीमधलं काही नाही. कॉशन मनी आणि अनामत रक्कम मात्र केव्हाही पूर्ण परत करायची असते.

अर्ज मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे, असंही त्यात आहे.

शिवाय प्रवेश लांबतात म्हणून यूजीसी काही वर्षी वेगळं परिपत्रक काढतं. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत पूर्ण फी आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त १००० रुपये कापून बाकीची फी परत द्यायची होती. म्हणून त्या त्या वर्षीचं परिपत्रक यूजीसीच्या वेबसाइटवर बघा आणि त्याची प्रिंट अर्जाला जोडा. प्रिंट जोडलेल्या अर्जाला उत्तर लवकर येतं, हा माझा अनुभव आहे.

माझा प्रवेश सीईटी सेलच्या (राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाच्या) कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश फेरीतून, झाला आहे. मलाही हेच टप्पे लागू का?

इंजिनिअरिंग, फार्मसी, एमबीए अशा अभ्यासक्रमांना सीईटी सेलचे नियम लागतात. तिथे एकच कट-ऑफ तारीख असते. त्या तारखेच्या आत रद्द केलं तर जास्तीत जास्त १००० रुपये कापून फी परत मिळते. तारीख गेली की अनामत आणि कॉशन मनी सोडून काही मिळत नाही.

आणि इथे नुसता कॉलेजला दिलेला अर्ज पुरत नाही. तुमच्या लॉगिनमधून ऑनलाइन रद्द करण्याची विनंती टाकायची, तिची प्रिंट सही करून कॉलेजला द्यायची, आणि मग कॉलेजने त्यांच्या लॉगिनमधून प्रवेश रद्द केल्याची पावती घ्यायची. शेवटचं पाऊल झालं नाही तर प्रवेश रद्द झालेला नाही. कट-ऑफच्या दिवशी संध्याकाळी ५ वाजता प्रिंट घेऊन धावत येण्यापेक्षा दोन दिवस आधी या.

अर्जात काय लिहू?

लांबलचक कहाणी नको. खालच्यासारखा अर्ज पुरतो:

> प्रति, मा. प्राचार्य, (कॉलेजचं नाव), नाशिक
>
> विषय: वैद्यकीय कारणास्तव सेमिस्टर ३ खंडित करण्याबाबत
>
> महोदय/महोदया,
> मी एस.वाय.बी.एस्सी. वर्गात शिकत असून माझा रोल नंबर … व पीआरएन नंबर … आहे. दि. … पासून माझ्यावर उपचार सुरू असल्याने मी या शैक्षणिक वर्षातील सेमिस्टर ३ पूर्ण करू शकत नाही. मी प्रवेश रद्द करत नसून पुढील शैक्षणिक वर्षात याच सेमिस्टरला पुन्हा प्रवेश घेऊ इच्छितो/इच्छिते. तशी नोंद घेऊन मला लेखी कळवावे, ही विनंती.
>
> सोबत: वैद्यकीय प्रमाणपत्र, डिस्चार्ज कार्ड, फी पावतीची प्रत
>
> विद्यार्थ्याची सही, पालकाची सही, तारीख

‘मी प्रवेश रद्द करत नसून’ हे शब्द विसरू नका. ते नसले तर दप्तरात अर्ज वाटेल त्या फाईलला लागतो. आणि प्रवेशच रद्द करायचा असेल तर तसं स्वच्छ लिहा, फी परताव्याची मागणी त्याच अर्जात करा आणि बँक खात्याचा तपशील द्या.

मी १९ वर्षांचा आहे. वडिलांनी येऊन माझं नाव काढलं तर?

सज्ञान विद्यार्थ्याचा प्रवेश त्याच्या सहीशिवाय रद्द करणं योग्य नाही. बहुतेक कॉलेजं दोघांच्याही सह्या मागतात. तुमची इच्छा नसेल तर प्राचार्यांच्या नावे एका ओळीचा अर्ज द्या की माझ्या सहीशिवाय माझ्या प्रवेशात बदल करू नये.

कॉलेज म्हणतं मूळ कागदपत्रं मिळणार नाहीत, आधी तिन्ही वर्षांची फी भरा.

असं करता येत नाही. २०१८ च्या त्याच अधिसूचनेत यूजीसीने मूळ प्रमाणपत्रं ठेवून घ्यायला मनाई केली आहे. प्रवेशाच्या वेळी पडताळणी करून ती लगेच परत द्यायची असतात. पुढच्या वर्षांची फी मागणं तर बसतच नाही. ज्या वर्षात प्रवेश घेतला त्या वर्षाची थकबाकी, लायब्ररीची पुस्तकं, लॅबचं साहित्य एवढ्याचाच नो ड्यूज होतो.

महाडीबीटीच्या (राज्य सरकारच्या पोर्टलवरच्या) शिष्यवृत्तीचं काय होतं?

टर्म पुन्हा करताना त्याच वर्षाची शिष्यवृत्ती दुसऱ्यांदा मिळेल असं धरून चालू नका. घरचं बजेट बसवताना त्या वर्षाची फी खिशातून जाणार असंच धरा.

राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीमध्ये, जिला सगळे ईबीसी म्हणतात, अभ्यासक्रमाच्या काळात २ किंवा त्याहून अधिक वर्षांचा खंड चालत नाही. म्हणजे एक वर्षाचा ड्रॉप निभावतो, दोन वर्षांचा नाही. व्यावसायिक अभ्यासक्रमातल्या मुलींना ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झालं आहे. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींनी ड्रॉप घेण्याआधी ही सवलत पुढे कशी चालेल हे कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागाला लेखी विचारावं. त्यांच्यासाठी एका वर्षाच्या निर्णयात मोठी रक्कम अडकलेली असते.

शिष्यवृत्तीचा हप्ता खात्यात पडला आणि तुम्ही प्रवेश रद्द करताय, तर ते अर्जात लिहा. लपवलं तर पुढच्या अभ्यासक्रमाचा अर्ज पोर्टलवर अडकतो.

मी समाजकल्याणच्या हॉस्टेलला राहते, माझ्या मैत्रिणीला स्वाधारचे (हॉस्टेल न मिळालेल्यांना राहण्या-जेवणासाठी मिळणारे) पैसे मिळतात. ड्रॉप घेतला तर?

हॉस्टेलची जागा आणि स्वाधार, दोन्ही चालू प्रवेशाला आणि हजेरीला बांधलेले आहेत. स्वाधारला ७५ टक्के हजेरी लागते. प्रवेश नसलेल्या वर्षात दोन्ही थांबतात. आदिवासी विकास विभागाच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजनेतल्या मुलांनी तोच धडा धरावा आणि आधी प्रकल्प कार्यालयात विचारावं. पेठ, सुरगाण्याहून आलेल्या मुलीसाठी हॉस्टेल सुटणं म्हणजे शिक्षण सुटणं असतं, म्हणून अशा मुलींना माझा आग्रह असतो की बॅकलॉग चालेल, ड्रॉप नको.

ऑक्टोबरमध्ये द्राक्षबागेची छाटणी असते, घरी माणूस नाही. परीक्षा सोडू का?

निफाड, दिंडोरी, चांदवडकडच्या मुलांचा हा खराखुरा प्रश्न आहे. ऑक्टोबरची फळछाटणी पहिल्या सेमिस्टरच्या परीक्षेवर येते आणि एप्रिलची खरड छाटणी दुसऱ्या सेमिस्टरच्या. छाटणी, मग पेस्ट लावणं, मग डिपिंग (घड औषधात बुडवणं), एकदा सुरू झालं की थांबता येत नाही आणि मजूर मिळाला नाही तर घरच्यालाच उतरावं लागतं. हे ज्याने बघितलंय तो त्या मुलाला आळशी म्हणणार नाही.

तरीही परीक्षेचा फॉर्म भराच. फॉर्म भरला की जे पेपर जमतील ते देता येतात, उरलेले बॅकलॉगला जातात. फॉर्मच भरला नाही तर अख्ख्या सेमिस्टरचे पेपर मागे राहतात. वेळापत्रक लागलं की ते घरी दाखवा आणि छाटणीची तारीख चार-पाच दिवस मागेपुढे होते का बघा. मजुरांची टोळी ठरवण्याआधी वडिलांना कळलं तर बऱ्याचदा होते.

मुलीचं लग्न ठरलंय. आता नाव काढून टाकायचं आहे.

हा प्रश्न बहुतेक वेळा मुलीचे वडील किंवा भाऊ विचारतात आणि मुलगी शेजारी गप्प उभी असते. पालकांना हात जोडून एवढंच सांगणं आहे की नाव काढण्याची गरज नाही. लग्नामुळे प्रवेश रद्द होत नाही.

सासर नाशिक, पुणे किंवा अहिल्यानगर जिल्ह्यात असेल तर विद्यापीठ तेच राहतं. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला तिथल्या कॉलेजला जागा बघून बदली प्रवेश घेता येतो. इथल्या कॉलेजचा ना हरकत दाखला आणि टीसी लागतो. सासर जळगाव, धुळे किंवा नंदुरबारला असेल तर कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ लागतं. ठाणे-मुंबईकडे असेल तर मुंबई विद्यापीठ. तेव्हा मायग्रेशन सर्टिफिकेट घ्या आणि नवीन विद्यापीठाची एलिजिबिलिटी (पात्रता तपासणी) करून घ्या. चालू सेमिस्टर मात्र इथेच संपवा. लग्नाची तारीख काढतानाच परीक्षेचं वेळापत्रक हाताशी ठेवलं तर दोन्ही निभावतं.

बाळंतपणासाठीही नाव काढू नका. पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांतल्या विद्यार्थिनींना प्रसूती रजा, हजेरीत सूट आणि परीक्षा फॉर्मच्या मुदतीत सवलत देणारे नियम करावेत, असं यूजीसीने डिसेंबर २०२१ मध्ये विद्यापीठांना कळवलं आहे. त्या पत्राचा उल्लेख करून अर्ज द्या.

एक वर्ष करून बाहेर पडलो तर हातात काही मिळतं का?

नवीन शैक्षणिक धोरणाच्या पॅटर्नमध्ये मिळतं. महाराष्ट्रात सेमिस्टरला २२ क्रेडिट धरले आहेत. तीन वर्षांच्या पदवीला १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १७६. पहिलं वर्ष पूर्ण करून ४ क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप केली तर सर्टिफिकेट मिळतं, दोन वर्षांनंतर तसंच करून डिप्लोमा. बाहेर पडल्यापासून ३ वर्षांच्या आत परत येता येतं आणि सगळा अभ्यासक्रम जास्तीत जास्त ७ वर्षांत संपवायचा असतो.

ते ४ क्रेडिट विसरू नका. पहिल्या वर्षाचे सगळे पेपर पास होऊनही केवळ त्यापायी सर्टिफिकेट अडतं.

क्रेडिट अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन खात्यात जमा होतात. तुमचा १२ अंकी अपार आयडी (विद्यार्थी ओळख क्रमांक) डिजिलॉकरमध्ये आहे का आणि त्यात तुमचे क्रेडिट दिसतात का, हे कॉलेज सोडण्याआधी बघा. दिसत नसतील तर परीक्षा विभागाकडे तेव्हाच तक्रार द्या. कॉलेज सोडल्यावर हे काम फोनवर होत नाही.

नीट परीक्षा पुन्हा द्यायची आहे. एफ.वाय.बी.एस्सी. सोडून घरी अभ्यास करू की नाव ठेवू?

नाव ठेवून क्लासला जाणारी मुलं हजेरीत अडकतात. दोन्हीकडे अर्धवट होतं. माझं मत असं: पहिल्या प्रयत्नात गुण काठावर असतील आणि वर्षभर मनापासून झोकून देणार असाल, तर प्रवेश वेळेत रद्द करून फी परत घ्या आणि अभ्यास करा. मनात थोडीही शंका असेल तर बी.एस्सी. मन लावून करा. दोन ड्रॉपनंतर परत एफ.वाय.ला बसणं किती जड जातं ते जवळून बघितलं आहे.

इंजिनिअरिंगसाठी पुन्हा कॅपला उतरणार असाल तर एमएचटी-सीईटी पुन्हा द्यावी लागते. आधीच्या वर्षाचा स्कोअर चालत नाही.

गॅप पडला तर पुढे नोकरीला अडचण येते का?

सरकारी भरतीत वय आणि पात्रता बघतात, गॅपमुळे कोणी बाद होत नाही. खासगी कंपन्यांच्या कॅम्पस भरतीत मात्र बऱ्याच ठिकाणी गॅपची मर्यादा आणि चालू बॅकलॉग नसण्याची अट असते. आजारपणाचा किंवा घरच्या अडचणीचा गॅप कागदासह सांगितला की मुलाखतीत लोक समजून घेतात.

पुढच्या प्रवेशासाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात. सीबीएस बसस्थानकाजवळ कोर्टाच्या परिसरात नोटरी मिळतात. गॅपच्या काळात दुसरीकडे कुठेही प्रवेश घेतलेला नाही, हे वाक्य त्यात हवं. आणि घेतला असेल तर खोटं लिहू नका, अपार आयडीवर ते दिसू शकतं.

शैक्षणिक कर्ज घेतलं आहे.

बँकेला लगेच कळवा. कर्जाचा हप्ता सुरू होण्याची तारीख अभ्यासक्रमाच्या कालावधीवरून ठरलेली असते. शिक्षण मध्येच सोडलं तर बँक ती अलीकडे आणू शकते, वर्ष वाढलं तर मुदतवाढ मागता येते. केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत शिक्षण अर्धवट सोडणाऱ्याला अनुदान मिळत नाही. वैद्यकीय कारण कागदपत्रांनिशी असेल तरच मिळतं. इथेही तोच डिस्चार्ज कार्डचा कागद कामाला येतो.

सातपूरला नोकरी लागली. कॉलेज सोडून ‘मुक्त’ला जाऊ का?

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आपल्याच गावात आहे, गंगापूर धरणाच्या रस्त्याला, गोवर्धनला. शिफ्टमध्ये काम करणाऱ्यासाठी ते उत्तम आहे, आणि मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. अंबड-सातपूरच्या कंपन्यांतल्या कितीतरी माणसांनी तिथून पदवी घेऊन बढती मिळवली आहे.

एप्रिल २०२२ पासून यूजीसीने दोन पदव्या एकाच वेळी करायला परवानगी दिली आहे. एक नियमित आणि एक दूरशिक्षणाची चालते. म्हणून आधीचा प्रवेश घाईने रद्द करण्याची गरज नाही. आधी तिकडे अभ्यासक्रम, अभ्यासकेंद्र आणि प्रवेशाची मुदत बघा, तुमचे किती क्रेडिट तिकडे धरले जातील ते विचारा, मग इकडचं ठरवा.

मी एमबीबीएसला आहे. मलाही हेच नियम?

नाही. म्हसरूळच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे नियम वेगळे आणि कडक आहेत. २०२३ च्या नियमांनुसार पहिल्या वर्षाला ४ पेक्षा जास्त प्रयत्न मिळत नाहीत आणि प्रवेशापासून ९ वर्षांत अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. जागा सोडण्याच्या अटी आणि दंड तुमच्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असतात. ते वाचल्याशिवाय एकाही कागदावर सही करू नका.

मला काहीच करावंसं वाटत नाही. कॉलेजचं नाव काढलं की छातीत धडधडतं. घरी सांगितलं तर नाटक म्हणतील.

हे नाटक नाही, आणि यासाठी टर्म थांबवणं हे पाय मोडल्यावर थांबवण्याइतकंच रास्त कारण आहे. आधी १४४१६ वर फोन करा. ही टेली-मानसची सरकारी, मोफत, चोवीस तासांची सेवा आहे आणि मराठीत बोलता येतं. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. त्यांचं प्रमाणपत्र हजेरीच्या सवलतीसाठी इतर कोणत्याही वैद्यकीय प्रमाणपत्रासारखंच द्या.

अशा दिवसांत प्रवेश रद्द करण्याचा निर्णय मात्र घेऊ नका. टर्म खंडित करा, पीआरएन जिवंत ठेवा, उपचार घ्या. घरी सांगायला जड जात असेल तर वर्गशिक्षकांना किंवा मॅडमना सांगा की तुम्ही आमच्या घरी फोन करा. आईवडील परक्या माणसाच्या तोंडून ऐकतात तेव्हा शांतपणे ऐकतात. आणि पालकांनो, मुलगा स्वतःहून बोलायला आला असेल तर फीचा विषय त्या दिवशी काढू नका.

कॉलेज फी परत देत नाही, टीसीही देत नाही. कुठे जाऊ?

आधी प्राचार्यांना लेखी स्मरणपत्र, पहिल्या अर्जाच्या आवक क्रमांकासह. त्यानंतर कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार ही समिती असायलाच हवी आणि तिने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तिथे समाधान झालं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे दाद मागता येते. यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवरही तक्रार टाकता येते. कॅपच्या प्रवेशासाठी सीईटी सेलला ईमेल करा. प्रत्येक तक्रारीला पोच घेतलेल्या अर्जाची स्कॅन प्रत, फी पावती आणि बँक पासबुकचं पहिलं पान जोडा.